रॉकेटवाल्यांची मशीन आणि गफूरचाचांची दाढी

हिंगोलीच्या ज्या दवाखान्यात मी नोकरी केली, तिथं मला सगळे ‘मशीनवाले पाईकराव’ म्हणायचे. दवाखाना एका धर्मादाय संस्थेचा, मोंढ्याला, म्हणजे शेतमालाच्या बाजाराला, लागून. कागदावर माझं पद ‘बायोमेडिकल टेक्निशियन’ असं भारदस्त होतं, पण शिक्षण आयटीआयचं आणि अनुभव सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गोरेगावच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाचा. एक्स-रे मशीन बंद पडली, मॉनिटरवर आडवी रेघ यायला लागली, ऑक्सिजनच्या नळीतून सूं सूं आवाज यायला लागला, की मला हाक. पेशंट बरा होऊन घरी जाताना डॉक्टरांच्या पाया पडतो, सिस्टरला पेढा देतो. मशीनवाल्याला कुणी पेढा देत नाही. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, कारण मशीनवाला लक्षात राहिला याचा अर्थ मशीन बिघडली होती.

तरी एक मशीन अशी आली की तिच्यामुळं मी लोकांच्या लक्षात राहिलो. तिची गोष्ट सांगतो.

पण आधी व्हेंटिलेटर म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. कोरोनाच्या दिवसांत हा शब्द घरोघरी गेला, पण बहुतेकांना तो फाशीच्या दोरासारखा वाटायचा. ‘व्हेंटिलेटरवर टाकलं’ म्हणजे माणूस गेला, असं लोक धरून चालायचे. प्रत्यक्षात ती मशीन हवा ढकलण्याचं काम करते. आपण श्वास घेतो तेव्हा छाती फुगते आणि हवा आत ओढली जाते. फुप्फुसं सुजली की ओढायला बळ पुरत नाही, म्हणून मशीन बाहेरून ढकलते. किती ढकलायची, किती जोरानं, मिनिटाला किती वेळा, एवढं तिला सांगावं लागतं. आणखी एक महत्त्वाचं. फुगा पूर्ण रिकामा झाला की पहिली फुंकर मारायला गाल दुखतात. थोडी हवा आत असली तर तो पटकन फुगतो. फुप्फुसांचंही तसंच. म्हणून श्वास सोडल्यावरही मशीन आत थोडी हवा धरून ठेवते. कधी घशात नळी घालून, कधी नाकातोंडावर घट्ट मास्क बांधून. मास्क मात्र खरोखरच घट्ट पाहिजे. कडेनं हवा निसटली की मशीनचे सगळे कष्ट वाया.

दुसऱ्या लाटेत आमच्याकडं दोन जुने व्हेंटिलेटर होते आणि दोन्ही मी इतक्यांदा उघडले होते की त्यांचे स्क्रू गुळगुळीत झाले होते. तेव्हा एक खोकं आलं. त्यात जी मशीन होती तिचा आराखडा रॉकेट आणि उपग्रह बनवणाऱ्या इंजिनिअरांनी केला होता. त्यांचं नेहमीचं काम बाजूला ठेवून ते लोक श्वासाच्या कामाला लागले होते. त्यांच्या आराखड्यावरून एका कारखान्यानं थोड्या मशीन बनवल्या आणि वापरून कशा वाटतात ते कळवा म्हणून काही दवाखान्यांना दिल्या. एक आमच्या वाट्याला आली. मोठ्या व्हेंटिलेटरला दाबाची हवा भिंतीतल्या पाइपातून लागते, जी आमच्याकडं नव्हती. हिच्या पोटात एक लहानसा पंखा होता, तो खोलीतलीच हवा ओढायचा, ऑक्सिजन मिसळायचा आणि पेशंटला द्यायचा. आमच्यासारख्या ठिकाणासाठीच जणू केली होती.

खोक्यावर एक कागद चिकटवलेला होता : ‘प्रतिनिधी आल्याशिवाय उघडू नये.’

प्रतिनिधी यायचा होता पुण्याहून. रस्ते बंद, जिल्ह्याच्या हद्दी बंद, आणि शेवटी प्रतिनिधीच आजारी. मी रोज फोन करायचो आणि रोज ‘उद्या’ ऐकायचो. खोकं जिन्याखाली पडून. मी येता-जाता त्याच्याकडं बघायचो. उघडायचं धाडस झालं नाही. दवाखान्याच्या साहेबांनी मनाई केली होती असं नाही. मी विचारलंच नाही. नोकरीत एक खोड लागते माणसाला. कागदावर छापलेलं असलं की ते आपल्यापेक्षा शहाणं वाटतं.

पाचव्या दिवशी साखऱ्याची कांताबाई आली. साखरा माझं गाव. कांताबाई अंगणवाडीत मदतनीस होती, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. दोन्ही व्हेंटिलेटर लागलेले होते. डॉक्टर वैशाली मॅडमनी नांदेडला खाटेची सोय लावली आणि दुपारी तिला अँब्युलन्समध्ये घातलं. ती वाटेतच, वसमतच्या अलीकडं गेली.

मॅडम मला नंतर म्हणाल्या, “पाईकराव, ती मशीन लावली असती तरी ती वाचलीच असती असं नाही. खूप उशिरा आणलं होतं तिला.”

हे मलाही ठाऊक आहे. पण लावली असती की नाही, एवढाच प्रश्न माझ्यापुरता उरतो. कांताबाईचा मुलगा सेनगावला बाजारात भेटतो, “काका, बरे आहात ना?” म्हणून विचारतो. त्याला हे मी कधी सांगितलं नाही. आज इथं लिहून टाकतो.

सहाव्या दिवशी सकाळी मी खोकं फोडलं.

कारखान्याच्या मदतीच्या फोनवर नुसतं संगीत वाजत होतं. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मात्र कुणीतरी पेनानं एक नाव आणि नंबर लिहून ठेवला होता. बहुधा पाठवणाऱ्यालाच आमची दया आली असावी. मी लावला. पलीकडून दक्षिणेकडच्या वळणाचं हिंदी आलं. ते वासुदेवन सर. मशीन बनवणाऱ्या त्या अवकाश इंजिनिअरांपैकीच एक, निवृत्तीला टेकलेले. आयुष्यभर त्यांनी रॉकेटच्या झडपा बनवल्या होत्या. मोबाईलवर माझा चेहरा आणि मागचा जिना बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “आप डॉक्टर हैं?”

“नाही सर. मशीनवाला.”

“बहुत अच्छा,” ते म्हणाले. “मैं भी.”

दोन तासांत मशीन सुरू झाली. त्यांनी एकेक आकडा मला दोनदा वाचायला लावला. आमच्या अतिदक्षता विभागाच्या मुख्य सिस्टर खैरुन्निसा, ज्यांना अख्खा दवाखाना आपा म्हणायचा, त्यांनी तपासणीसाठी लावलेलं रबराचं नकली फुप्फुस फुगताना बघितलं आणि म्हणाल्या, “चला, लेकराचा पाय बरा हाय म्हणायचा.”

पाय बरा असला तरी लेकराची बदनामी आधीच झाली होती. ‘रॉकेटवाल्यांनी बनवली’ हे मीच कौतुकानं दोघांना सांगितलं होतं, ते संध्याकाळपर्यंत मोंढ्यात पोचलं आणि दुसऱ्या दिवशी सेनगावहून परत आलं ते असं : हिंगोलीत एक मशीन आली, ती माणसाला सरळ वर नेती. पहिल्याच पेशंटच्या भावानं हात जोडले. “साहेब, दुसरं काहीबी लावा. ते रॉकेट नगं.” उलट एक जावई असा भेटला की सासूबाईंना साध्या ऑक्सिजनवर छान वाटत असताना त्याचा हट्ट, “चांदवाली मशीन लावा. आमी कुणाहून कमी हाव का?” त्याला कुणीतरी सांगितलं होतं, हिच्यात चंद्रावरचा ऑक्सिजन येतो. मी म्हणालो, “दाजी, चंद्रावर ऑक्सिजन असता तर आपण इथं काहून रांगेत उभे असतो?” त्याला ते पटलं नाही, पण सासूबाई मास्कच्या आत हसल्या.

अशात गोरेगावचे गफूरचाचा आले.

गफूरचाचांना मी तीस वर्षं ओळखत होतो. माझं टीव्हीचं दुकान होतं त्याच्या समोर त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप. हळद शिजवून वाळवली की ती खडबडीत, काळपट दिसते. मग तिला मोठ्या लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवतात, घासून घासून पिवळी करतात. त्याला पॉलिश म्हणतात. ते ड्रम चाचा बनवायचे. पंचक्रोशीत त्यांच्या हातचा ड्रम डगमगला असं कुणी सांगणार नाही. उंच माणूस, आवाज घणासारखा, आणि छातीपर्यंत पांढरीशुभ्र दाढी. ती दाढी ते शुक्रवारी धुऊन, विंचरून, थोडं अत्तर लावून निघायचे तेव्हा आमच्या गल्लीत हिंदू-मुसलमान-बौद्ध सगळी लेकरं ‘चाचा, दाढी!’ म्हणून हात लावायला पळायची.

आता ते खाटेवर बसून दोन्ही हात टेकून श्वास ओढत होते. ऑक्सिजनच्या मोठ्या पिशवीचा साधा मास्क लावलेला असूनही ऑक्सिजन मोजायच्या बोटाच्या यंत्रावर आकडा ब्याऐंशीच्या वर चढत नव्हता. जुने दोन्ही व्हेंटिलेटर अडकलेले. मॅडमनी ठरवलं, नवी मशीन, मास्क लावून. तेवढ्यानं भागलं नाही तर घशात नळी.

बाहेर चाचांचा पुतण्या अडून बसला होता. “मशीन वर नेती म्हणतेत,” तो म्हणाला. मी अंगावर तो प्लास्टिकचा झगा घालून आत गेलो आणि चाचांनाच विचारलं. त्यांनी मला डोळ्यांवरून ओळखलं. एकेक शब्दाला थांबत म्हणाले, “मिलिंद... मशीन वर नेत न्हाई... खाली बी नेत न्हाई. चालवनारा... नेतो. कोन चालवून राहिला?”

“मी हाव चाचा.”

“मग लाव.”

मास्क लावला. पट्टे आवळले. मशीनच्या पडद्यावर लाल अक्षरं आली आणि ती ओरडायला लागली. गळती. हवा आत जाण्याऐवजी दाढीच्या केसांतून बाहेर पळत होती. पट्टे आणखी आवळले, मोठा मास्क लावला, लहान लावला. पडद्यावर गळतीचा आकडा साठच्या खाली येईना. मशीन बिचारी जोर वाढवायची, जोर वाढला की दाढी फुलायची, दाढी फुलली की आणखी गळती.

मॅडम म्हणाल्या, “दाढी काढावी लागेल.”

आपांनी चाचांच्या कानाशी वाकून सांगितलं. आजारपणात सूट असते, अल्ला दिलातलं बघतो, केस काय परत येतील. चाचांनी मान हलवली. हातानं खूणही केली, काढा. पण डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना. रडण्यात श्वास जातो, आणि श्वास तर मुळातच नव्हता. आकडा ऐंशीवर आला. आपांनी रेझर घेतला, आणि त्यांचा हात तिथंच थांबला. हजारो पेशंटांना सुया टोचणारी बाई, पण तो रेझर पुढं जाईना. “माज्या अब्बाची बी अशीच होती,” एवढंच त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, “मॅडम, मला थोडा वेळ द्या.”

मॅडमनी चाचांच्या बोटाकडं बघितलं, मग घड्याळाकडं. “पुन्हा पिशवीवर ठेवते. वीस मिनिटं. एकविसाव्या मिनिटाला दाढी जाईल. आणि आकडा अठ्ठ्याहत्तरच्या खाली गेला तर त्याआधीच.”

बाहेर येऊन मी वासुदेवन सरांना फोन लावला. दुपारचे दोन वाजलेले. “सर, मास्कमधून गळती.”

“पट्टा?”

“पट्टा बराबर आहे सर. दाढी आहे.”

मग ते म्हणाले, “क्या है?”

“दाढी सर. बिअर्ड. लांब.”

मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले की आम्ही उष्णता धरली, दमटपणा धरला, वीज जाणं धरलं, कमी-जास्त दाब धरला. दाढी कुणीच धरली नाही. आणि म्हणाले, गळती हाच माझा धंदा आहे, पाच मिनिटं द्या.

मी मध्येच माझी अक्कल चालवली. “सर, व्हॅसलिन थापलं तर?”

ते ओरडलेच. “नहीं! ऑक्सिजन और तेल कभी साथ नहीं! कभी नहीं!” इतका मऊ बोलणारा माणूस, पण तेव्हा त्यांचा आवाज फाटला. नंतर त्यांनी समजावलं, शुद्ध ऑक्सिजन आणि तेलकट वस्तू एकत्र आल्या तर पेट घ्यायला ठिणगीचं निमित्तही पुरतं. रॉकेटवाल्यांना हे पहिल्या दिवशी शिकवतात. मला पंचवीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. सिलिंडरच्या तोंडाला तेल लावू नये हे माहीत होतं, पण माणसाच्या तोंडाचं लक्षात आलं नव्हतं.

पाच नाही, चार मिनिटांतच त्यांचा फोन आला. ते म्हणाले, हवा केसांना घाबरत नाही, केसांमधल्या जागेतून जाते. केस काढू नका, केसांनाच एक सपाट पृष्ठभाग करा. तुमच्याकडं पातळ, चिकट, पारदर्शक असं काय आहे?

होतं. शस्त्रक्रियेनंतर जखमेवर लावतात ती पारदर्शक फिल्म. मी धावत ऑपरेशन थिएटरच्या कपाटातून दोन मोठे चौकोन आणले. पुढचं आपांनी केलं. त्यांनी चाचांची दाढी ओल्या कंगव्यानं खाली सपाट विंचरली, शुक्रवारी ते स्वतः विंचरायचे तशी. मी फिल्मला नाकातोंडापुरतं भोक कापलं. दोघांनी मिळून ती दाढीवर पसरली. कडा वर गालाच्या उघड्या कातडीवर आणि खाली हनुवटीच्या पलीकडं गळ्यावर चिकटवल्या. वरून मास्कच्या कडेला पाण्यात विरघळणारी जेली. मॅडम शेजारी उभ्या राहून आकडा मोठ्यानं वाचत होत्या. “ऐंशी... एकोणऐंशी... पाईकराव, सतरा मिनिटं झाली.”

मास्क ठेवला. पट्टे लावले. मशीन सुरू.

पडद्यावर गळती : साठ. मग पंचेचाळीस. मी कडेनं बोट फिरवलं, डाव्या कानापाशी वारा लागला, तिथं फिल्मची एक पट्टी आणखी चिकटवली. तीस. अठरा. लाल अक्षरं गेली. मशीनचा ओरडा थांबला आणि तिचा खरा आवाज ऐकू आला, घोरणाऱ्या मांजरासारखा. चाचांची छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली.

दहा मिनिटांत आकडा अठ्ठ्याऐंशी. तासाभरात ब्याण्णव. आपा भिंतीला टेकून खाली बसल्या. मॅडम म्हणाल्या, “हे पुस्तकात आहे का हो?” मी म्हणालो, “मॅडम, आता लिहा.”

त्यानंतर चार दिवस ठीक गेले. आपा रोज फिल्म बदलायच्या. आणि पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मशीन पुन्हा ओरडली. या वेळी गळती नव्हती. दाबच भरत नव्हता. पंखा जिवाच्या आकांतानं फिरत होता, पण हवा येईना. चाचा डोळे मोठे करून माझ्याकडं बघत होते. आपांनी लगेच मास्क बदलून हातानं दाबायचा फुगा लावला आणि एका तालात दाबायला लागल्या. मी मशीन खाली घेतली. मागचं झाकण काढलं, हवा गाळायची जाळी बाहेर ओढली, आणि बघतच राहिलो.

जाळी पिवळीधमक झाली होती.

फोटो पाठवला तसा वासुदेवन सरांचा फोन आला. आवाजात काळजी. “ये क्या है? केमिकल? फंगस?”

“हळद आहे सर.”

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. त्यांना सांगावं लागलं की हिंगोली म्हणजे हळद. की दवाखान्याच्या मागंच मोंढा. की हंगामात पॉलिशचे ड्रम फिरतात, पोती उलटतात, आणि उन्हाळ्यात वारा आमच्याकडं वाहतो. की हवा खेळती राहावी म्हणून वॉर्डाच्या खिडक्या सताड उघड्या असतात. आम्हाला ती धूळ दिसतसुद्धा नाही. घरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही तशी.

जाळी बदलली, मशीन पुन्हा चालू झाली. पण शिल्लक जाळ्या दोनच. मग सरांच्या सांगण्यावरून मी मशीनच्या श्वासाच्या तोंडाला एक लांब नळी जोडून ती मोंढ्याच्या उलट्या बाजूला, व्हरांड्याच्या बाजूला नेली, आणि तोंडावर जास्तीची गाळणी बसवली. ती दर पाळीला बदलायची. चाचांना मी ती पिवळी जाळी दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, नखानं खरवडून नाकाशी नेली. मास्क मध्येच काढायची परवानगी जेवणापुरती होती, ते जेवत होते. म्हणाले, “दक्षिनेकडल्या सेलमची न्हाई. आपलीच हाय.” मग पुन्हा वास घेऊन, “ड्रम माजाच असंल. माजा ड्रम... लई बारीक धूळ काढतो.” त्यात त्यांना अभिमानच वाटत होता!

या मशीनचं पुढचं रूप आलं तेव्हा तिच्या पाठीला एक जास्तीची जाळी होती, स्क्रू न काढता बदलता येणारी. पुस्तिकेत एक नवं वाक्य होतं : ‘धुळीच्या ठिकाणी बाहेरील जाळी रोज तपासावी.’ आणि मास्कच्या पानावर दाढी असल्यास काय करावं याचं एक चित्र. चित्रातली दाढी अगदीच आखूड होती. कुठंही कुणाचं नाव नव्हतं. असायचं कारणही नाही. पण ते पान मी बायकोला दाखवलं आणि तिनं ते पोळ्या करता करता दोनदा वाचलं.

गफूरचाचा अठराव्या दिवशी घरी गेले, दाढीसकट. सगळेच असे गेले नाहीत. त्याच मशीनवर नंतर जी माणसं आली त्यातली निम्मीशी परत आली नाहीत. तेव्हा मी तिला पुसून, नळ्या बदलून, पुढच्यासाठी तयार करायचो. मशीनला दुःख नसतं म्हणून ते काम तिच्या वतीनं मशीनवाल्याला करावं लागतं.

मी निवृत्त झालो त्या हिवाळ्याच्या शेवटी वासुदेवन सरांचा फोन आला. तेही निवृत्त झाले होते. म्हणाले, “मिस्टर पाईकराव, मुझे आपके यहाँ आना है. मशीन नहीं देखनी. मशीन मैंने बहुत देखी हैं.”

हिंगोली स्टेशनावर मी त्यांना उतरवून घेतलं. किडकिडीत, बुटके गृहस्थ, पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. इतक्या फोनांनंतर मला ते उंच वाटायचे. आम्ही जीपनं गोरेगावला गेलो. जीपमध्ये ते दाटीत बसले, मांडीवर कुणाची तरी टोपली, आणि वाटेतल्या प्रत्येक वाळत्या हळदीकडं वाकून बघत होते.

गफूरचाचांनी दारातच त्यांचे दोन्ही हात धरले. चाचा आता घण उचलू शकत नव्हते. वीस पावलं चाललं की थांबावं लागायचं. पण आवाज परत आला होता.

“तुमीच का ते रॉकेटवाले?”

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी हिंदीत सांगितलं. ते लाजून म्हणाले, “जी. छोटा आदमी.”

“मशीन अच्छी है,” चाचा म्हणाले. “मगर आवाज करती. बेअरिंग देखो उसका.”

सरांनी खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं. मला वाटलं मान राखायला लिहिताहेत. पण मग त्यांनी विचारलं, कसा आवाज, सतत की थांबून थांबून, श्वास घेताना की सोडताना. चाचांनी तोंडानं आवाज काढून दाखवला. सरांनी तो पुन्हा काढून विचारला, असा? असा नाही, असा. दोन म्हातारे एकमेकांना घरघर करून दाखवत बसले आणि चाची आतून बघून हसत होत्या. मग चाचांनी त्यांना ड्रम दाखवला. सरांनी तो हातानं हळू फिरवून सोडला, तो किती वेळ फिरत राहतो ते बघितलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “ये आदमी हमारे यहाँ होना चाहिए था.” मी ते चाचांना मराठीत सांगितलं. चाचा म्हणाले, “म्या कशाला जाऊ? हळद कोन करंल?”

जेवण झालं. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, सरांसाठी मुद्दाम भात. जेवणानंतर चाचांना आडवं व्हावंच लागायचं, डॉक्टरांनी सांगितलेलं. अंगणात कडुलिंबाच्या सावलीत खाट होती. “माफ करना,” म्हणत ते पडले आणि बोलता बोलता झोपले. दाढी छातीवर पसरलेली.

सरांनी खुर्ची खाटेजवळ ओढली आणि बसले. मी जीपची चौकशी करून आलो तरी ते तसेच. पुढं वाकून, कोपरं गुडघ्यांवर, मनगटावरच्या घड्याळाकडं आणि चाचांच्या छातीकडं आळीपाळीनं बघत. ओठ हलत होते. मी शेजारी उभा राहिलो तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, “अठारह.”

“काय सर?”

“साँस. एक मिनट में अठारह. अपने आप.” मग म्हणाले, “मैंने ग्राफ में देखा है. लाखों बार. आदमी में पहली बार देख रहा हूँ.”

रस्त्यावर जीपवाल्यानं हॉर्न दिला. मी म्हणालो, “सर, चला, गाडी भरली.”

त्यांनी मान वर केली नाही. नुसता हात वर केला, थांबा म्हणून. ते पुन्हा पहिल्यापासून मोजत होते.